मोहाखालची हजेरी

बाई, धानोऱ्यातल्या तुमच्या शोकसभेतून मी मधूनच उठून आले. हे आधीच सांगून टाकते. तुम्ही असतात तर धानोऱ्याहून कोणी ना कोणी येऊन तुमच्या कानावर घातलंच असतं, "तुमच्या शीलानं तमाशा केला" म्हणून. तमाशा केला नाही. खुर्ची मागे सरकवली, ती जरा जोरात सरकली, आणि चपला घालून बाहेर पडले.

काय करणार? तुमच्या फोटोला पहिला हार घातला कोणी, तर आपल्या गावच्या किराणा दुकानदारानं. तोच, ज्यानं पाण्याच्या माठावरून स्वतःची दोन्ही मुलं शाळेतून काढून नेली होती. तो माईकवर म्हणाला, "बाईंनी कधी जातपात मानली नाही." बरोबर आहे, तुम्ही मानली नाही. कोणी मानली, ते त्यानं सांगितलं नाही. मग जिल्ह्याचे साहेब उठले. ज्ञानाचा दिवा, भरून न निघणारी पोकळी, सगळं यथासांग झालं. खाली बसता बसता ते शेजारच्याला म्हणाले, "त्या शाळेची दहावी आता जूनपासून इथंच जोडून टाकू. नाहीतरी पट नाहीच तिथं." माईक चालू होता, बाई. सगळ्या मंडपानं ऐकलं आणि सगळा मंडप गप्प बसला. मी तेव्हा उठले.

त्याला महिना होत आला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहिलंय. आज बोलते, कारण काल ते साहेब पट बघायला येऊन गेले.

मी पहिल्यांदा पत्र्याची पेटी घेऊन या गावात उतरले तेव्हा मला शाळा शोधावी लागली होती. कवेलूच्या छपराच्या तीन खोल्या, पुढं व्हरांडा, आठवी ते दहावी, आणि मुख्याध्यापिका म्हणून तुम्ही, कमरेला पदर खोचून व्हरांड्यात शेण सारवत होतात. मी वरोऱ्याची. आमच्याकडे हायस्कूल म्हणजे दुमजली इमारत, घंटा वाजवायला शिपाई, आणि शाळा सुटली की रस्ता अडवणारी मुलांची गर्दी. मी विचारलं, "बाई, मुलं किती आहेत?" तुम्ही म्हणालात, "कोणत्या महिन्यात विचारतेस?"

मला वाटलं, थट्टा करताय. पुढं कळलं की आमच्या शाळेचा पट नदीसारखा आहे. पावसाळ्यात रोवणी लागली की मुलं चिखलात. दिवाळीनंतर धानकापणी. मग थोडे दिवस वर्ग भरून जायचा, टोल्याटोल्यांतून, जंगलातल्या वस्त्यांवरून पायी आलेली मुलं दाटीवाटीनं बसायची. आणि फाल्गुन सरत आला, मोहाची फुलं गळायला लागली, की सकाळची शाळा ओस. पुढं सुटीत तेंदूपत्ता होताच. वर्षभर सारखी हजर राहणारी फक्त भिंतीवरची पाल होती.

आणि साहेबलोक नेमके मार्चअखेर तपासणीला यायचे.

त्यांच्या तक्त्याची तुम्हाला किती चीड होती! अनुसूचित जमाती किती, अनुसूचित जाती किती, इतर किती, त्यात मुली किती. आपली बहुतेक मुलं गोंडांची, त्यांच्या खालोखाल आपल्या बौद्ध मोहल्ल्यातली, थोडी नदीकाठच्या ढिवरांची. दुकानदाराची मुलं गेल्यावर 'इतर' या रकान्यात एकटा फॉरेस्ट गार्डचा मुलगा उरला. गार्डची बदली झाली आणि तिथं शून्य आलं. साहेबांना त्या शून्याची फार काळजी. "इतर एकही नाही? असं कसं चालेल?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, तुम्ही इथं बदली करून घ्या. पोरं घेऊन या. रकाना भरून जाईल." मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. साहेब हसले नाहीत.

माठाचं प्रकरणही तसंच. माठ भरायची पाळी वर्गवार, सगळ्यांवर येणार, हा तुमचा नियम. दुकानदार येऊन म्हणाला, "बाई, माह्या पोरांसाठी येगळा लोटा ठेवा, एवढंच म्हणून राह्यलो." तुम्ही म्हणालात, "लोटा नाई ठेवत. दाखला देते." आणि दिलात. मी त्या दिवशी तुमच्याशी कडाकडा भांडले. आधीच पट कमी, एकेक मूल मोलाचं, आणि तुम्ही दोन मुलं हातची घालवता? तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "पट वाढवाले बसली का मी इथी? शाळा चालवाले बसली." ती मुलं परत आली नाहीत, दुकानदारही सुधारला नाही. त्यानं तुमच्या फोटोला हार मात्र घातला.

आपलं मोठं भांडण वेगळं होतं, आणि ते मी अजून सोडलेलं नाही. दुसऱ्या एका शाळेत पटावर खोटी नावं घालतात, हे आपल्या दोघींना माहीत होतं. कोणाचा भाचा, कोणाची नागपूरला राहणारी पुतणी. तपासणीच्या दिवशी इकडून तिकडून पोरं आणून बसवायची, बिस्किटं द्यायची, वर्ग वाचला. मी म्हणायचे, आपणही चार नावं लिहू. कोणाचं काय जातं? सरकार आम्हाला आकड्यानं मोजतं, तर आम्ही सरकारला आकडाच देऊ. तुम्ही चष्मा काढायचात, म्हणजे आता ऐकायची वेळ.

"शीले, खोटं पोट्टं कधीच गैरहजर राहत नाई. त्याच्या जिवावर वर्ग चालते. मंग बुधरी आली काय अन् नाई आली काय, कोण विचारते तिले?"

"बुधरीसाठीच म्हणते ना मी! दहावी गेली तर बुधरी कुठं जाणार?"

तिथं तुम्ही चष्मा परत चढवायचात. दहावी धानोऱ्याला गेली तर मुलगे कसेबसे जातील, कोणी सायकलनं, कोणी नातेवाइकाकडे पडून. मुली जाणार नाहीत. मधे नदी, मधे जंगल, तिथं मुलींना राहायला जागा नाही. मुलगी नववीतून घरी बसणार आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागणार. बुधरी पोटावी यंदा नववीत आहे. भूमिती तिला माझ्यापेक्षा चांगली येते, हे तुम्ही तिच्यासमोर बोलून दाखवलंत, ते बरं केलं नाहीत. तेव्हापासून ती माझ्या आकृत्या तपासते.

मोहाखालची ती पहिली हजेरी आठवते ना? माझं पहिलं वर्ष. तुम्ही मोहाच्या दिवसांत शाळा दुपारची केली होती, कोणाला न विचारता. सकाळी मुलं मोह वेचणार, जेवणार, मग शाळेत येणार आणि दिवेलागणीपर्यंत बसणार. त्या सकाळी जीप आली आणि शाळेत मी एकटी. तेव्हाचे साहेब रिकाम्या बाकांकडे बघत उभे. इतक्यात तुम्ही जंगलाच्या अंगानं आलात, पदराला मोहाचा वास, काखेत हजेरीपट.

"मुलं कुठं आहेत?"

"शाळेत नाहीत, पण हजर आहेत. चला."

आणि तुम्ही चालू लागलात! मागं वळून बघितलंही नाहीत ते येतात की नाही. ते बापडे बूट सांभाळत तुमच्या मागं आणि त्यांच्या मागं मी. इथं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं आहे, बापजाद्यांपासून ठरलेलं. घरची माणसं झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात आणि आपल्याच झाडाखाली वेचतात. म्हणजे मूल हवं असेल तर त्याच्या झाडाखाली जायचं. तुम्ही हजेरी पटाच्या क्रमानं घेतली नाहीत, झाडांच्या क्रमानं घेतलीत. एकेका झाडाखालून टोपली खाली ठेवून मूल उभं राहायचं आणि म्हणायचं, "हजर, बाई." साहेबांना घाम फुटला होता. त्यांनी शेवटी शेरा मारला, शाळेबाहेर घेतलेली हजेरी ग्राह्य धरता येत नाही. पंधरा दिवसांनी खुलासा मागवला. तुम्ही एका ओळीत खुलासा दिलात. मोहाची वेळ आम्ही ठरवत नाही.

पुढं दर वर्षी तेच. दर वर्षी खुलासा, दर वर्षी तीच ओळ. आणि दर वर्षी आपली मुलं दहावीला बसायची, बरीचशी पासही व्हायची, म्हणून दहावी कशीबशी टिकायची.

आणि माझा तो पराक्रम! दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या उत्साहानं बुधरीच्या आईला मदत करायला गेले. बुधरी तेव्हा लहान, आईच्या मागं मागं वेचत होती. मी वाकून वेचतेय, वेचतेय, पुढं पुढं सरकतेय, आणि शेजारच्या झाडाखालची फुलं केव्हा गोळा केली मला कळलंच नाही. जमिनीवर काही रेघ नव्हती, की बांध नव्हता! माझी टोपली बुधरीच्या आईच्या ढिगात रिकामी झालेली, आणि शेजारच्या घरची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. दोन घरांचं बोलणं बंद झालं. ढिगातली कोणती फुलं कोणाची, हे आता देव आला तरी सांगू शकला नसता. तुम्ही तिथं बसून दोघींना समजावलंत, माझ्या हातानं म्हातारीला टोपली भरून दिलीत, आणि वाटेत हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमच्या वरोऱ्याले कापसाच्या वावराले धुरा असते ना? इथी धुरा लोकाइच्या डोक्यात असते. पाहून चालत जा."

त्याच उन्हाळ्यात गावानं तुम्हाला एक झाड दिलं. शाळेच्या मागचं, ज्या घरचं कोणी उरलं नव्हतं ते. बाहेरच्या माणसाला झाड देत नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. तुम्ही ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या गावच्या. मोह वेचायची तुमची गती काही धड नव्हती. पण दर सकाळी दोन ओंजळी वेचायचात, वाळवायचात, आणि पावसाळ्यात भिजून आलेल्या मुलांना भाजून द्यायचात. मी म्हणायचे, यापेक्षा चणे आणा. तुम्ही म्हणायचात, "चणे वाण्याचे. हे माह्या झाडाचे."

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच होतं. महाशिवरात्रीचे, मार्कंड्याच्या जत्रेचे दिवस. साहेब यंदा दहावीच्या वर्गाचा निकाल लावणार, अशी कुणकुण आली होती. मी म्हटलं, खोटी नावं नकोत ना, ठीक. मग निदान त्या एका दिवशी तरी खरी मुलं वर्गात बसवू. एक दिवस मोह राहिला तर काय आभाळ कोसळणार आहे? तुम्ही चुलीपाशी होतात, अंगावर शाल, डोळे लालसर दिसत होते पण तुम्ही अंगाला हात लावू देत नव्हतात.

"एक दिस नाई सोडाचा. एक दिस सोडला का शाळा त्याइची झाली, पोराइची नाई राह्यली."

"हट्ट आहे नुसता."

"हाये. डोकं नको खाऊ माह्यं. भात लागून राह्यला, उतरव."

भात उतरवला, खाली थोडा लागलाच होता. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी तुम्ही मला ओळखेनाशा झालात. धानोऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताप मेंदूत गेला, गडचिरोलीला न्या. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी वाटभर तुम्हाला शिव्या देत होते, की अंगात ताप असताना सांगितलं काऊन नाही. तुम्हाला बघा कधी माझं 'काऊन' बरोबर वाटलं नाही, "वरोऱ्याचं काऊन येगळं" म्हणायचात. गडचिरोली यायच्या आधीच तुम्ही गेलात.

'तुम्ही माझ्या कोण होतात' असलं काही मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही चष्मा काढला असतात. आता म्हणते. घरापासून इतक्या लांब मला घर होतं, ते तुम्ही होतात. तुमच्यावर मी मनापासून रागावू शकत होते. दुसऱ्या कोणावर इतकं रागावताच येत नाही.

तर काल.

साहेब सकाळीच येणार, हा निरोप गावभर झाला होता. मी काही सांगितलं नव्हतं, शपथ. अजून ठरवतच होते. सकाळी शाळेकडे गेले आणि दारातच थबकले. सगळी मुलं वर्गात! ऐन मोहाच्या दिवसांत, सकाळी, रांगा धरून, डोक्याला तेल लावून, तीनही खोल्या भरलेल्या. व्हरांड्यात त्यांच्या आया उभ्या. बुधरीची आई पुढं आली.

"जोहार बाई. मोठ्या बाई नाई आता, म्हून आमीच ठरवलं. आज मोहा राहू दे. एक दिस."

मी इतकी वर्षं जे मागत होते तेच, अगदी त्याच शब्दांत. साहेब येतील, भरलेले वर्ग बघतील, तोंडात मारल्यासारखे होतील. मी घंटेच्या दोरीला हातही घातला.

तेवढ्यात शाळेच्या मागून गुराख्याची हाळी आली. गुरं जंगलाकडे निघाली होती. पडलेला मोह गुरं खातात, हे आता वरोऱ्याच्या बाईलाही माहीत आहे. बाकावरची सगळी मुलं कान टवकारून तिकडंच बघत होती. एकाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. या घरांचं पावसाळ्यातलं मीठमिरची त्या झाडांखाली पडलेलं होतं, आणि ही माणसं ते सोडून एका जीपची वाट बघत उभी होती. आपली शाळा वाचवायला त्यांनी गुन्हेगारासारखं, तेल लावून, हात बांधून बसायचं? यांनी का? मला इतका राग आला, बाई, की हातातली दोरी सोडून दिली.

"उठा," मी म्हटलं. "टोपल्या घ्या. गुरांच्या आधी पोचा."

कोणी हलेना. बुधरी म्हणाली, "पण बाई, साहेब येऊन राह्यले ना?"

"येऊ दे. त्यांना पाय आहेत."

पहिल्यांदा आया हसल्या, मग मुलं पळत सुटली. वर्ग रिकामा झाला आणि थोड्याच वेळात जीप आली. तेच साहेब, शोकसभेचे. बाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' असा चेहरा.

"मुलं कुठं आहेत?"

तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणाले.

झाडांचा क्रम मला तुमच्यासारखा येत नाही. दोनदा चुकले, एकदा भलत्याच झाडाखाली भलतंच नाव पुकारलं. मग मुलांनीच हाका मारायला सुरुवात केली, "इथी बाई!" "बाई, मी इथी!" सगळ्या जंगलातून. मी पटावर खुणा करत पळत होते. साहेब म्हणत होते, "अहो, हे नियमात बसत नाही." मी म्हणत होते, "बुधरी पोटावी, नववी." आणि बुधरी टोपली खाली ठेवून ताठ उभी राहिली. साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "हजर. पुढल्या साली दहावी."

परत येताना शाळेच्या मागं तुमचं झाड लागलं. त्याच्याकडे मी महिनाभर बघितलं नव्हतं. खाली पाचोळ्याचा थर असेल असं वाटलं होतं, पण जमीन जाळून, झाडून लख्ख केलेली, आणि वर ताज्या फुलांचा सडा. कोणी एक फूल उचललं नव्हतं. तिथवर गुरं येऊ नयेत म्हणून कोणी तरी बाजूनं काटक्याही लावल्या होत्या.

बुधरीची आई मागून आली. म्हणाली, "तुमी येसान म्हून ठेवलं. हे झाड आता तुमच्याच घरचं होये. वेचा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, सगळ्यांची हजेरी झाली. तुमची स्वतःची हजेरी कुठं आहे? शिक्षकांनी शाळेत असायला हवं ना या वेळी?"

ते खुलासा मागवतील. त्याची ओळ मला पाठ आहे. दहावी ठेवतील की नेतील, ते मला माहीत नाही. नेली तर मुलींच्या आयांना घेऊन मी गडचिरोलीला ऑफिसच्या दारात बसेन, टोपल्यांसकट. आणि चार खोट्या नावांचं म्हणाल तर अजूनही माझंच बरोबर आहे, कधीतरी भेटू तेव्हा पुढं भांडू.

काल मात्र मी हजेरीपट बुधरीच्या हातात दिला, कमरेला पदर खोचला आणि तुमच्या झाडाखाली खाली बसले. पहिली ओंजळ भरली. मग मान वर करून साहेबांना सांगितलं,

"लिहा साहेब. मी हजर आहे."